जमिनीला लागलेला गोळा

मी एक जुना गोळा आहे, मित्रांनो, आणि बाकीचं काही सांगण्याआधी एक गोष्ट तुमच्या कानावर घालतो: मी साबण नाही. मी च्युइंगम नाही, पत्र्याचा खड्डा बुजवायची लांबी नाही आणि लहान मुलांची खेळायची मातीही नाही. मला हातात घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने मला यांपैकी काहीतरी म्हटलेलं आहे. एका माउलीने तर मला मोरीच्या भोकात कोंबायचं ठरवलं होतं. ती गोष्ट ओघात येईलच.

मी गाडीच्या रंगावरची घाण उचलणारा मातीचा गोळा आहे. आज माझा रंग भांडी विसळलेल्या पाण्यासारखा झाला आहे, कबूल. पण जन्मलो तेव्हा मी स्वच्छ निळा होतो, एवढं ध्यानात असू द्या.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लवचिक, चिकट लगदा घ्यायचा, त्यात पिठाहून बारीक कण घालायचे आणि यंत्रात घालून मळत बसायचं. त्या यंत्राला दयामाया म्हणून नव्हती. मळून मळून अगदी जीव नकोसा झाला, तेव्हा कुठे मला पट्टीसारखं लाटलं, कापलं, कागदात गुंडाळलं आणि खोक्यात बसवलं. मग आलो दुकानात. एका बाजूला मेणाच्या गोल डब्या, दुसऱ्या बाजूला पॉलिशच्या बाटल्या. त्यांच्या अंगावर चकचकीत गाड्यांची चित्रं. गिऱ्हाईक यायचं, डबी उचलायचं, बाटली उचलायचं, माझ्याकडे बघून म्हणायचं, "हे काय, साबण का?" आणि पुढे जायचं. नाकाला मिरच्या झोंबणं म्हणजे काय ते मला त्या फळीवर कळलं, आणि मला तर नाकही नाही.

माझं काम काय, तेही सांगतो. तुम्हाला वाटतं, गाडी धुतली की स्वच्छ झाली. अजिबात नाही! पाण्याने वरची धूळ जाते. पण रंगात रुतून बसलेले बारीक कण असतात, ते पाण्याला दाद देत नाहीत आणि साबणालाही नाही. गाडी धुऊन पुसल्यावर तिच्यावरून हात फिरवा. खरखर लागली तर समजा, ते लोक आत ठाण मांडून बसलेत. अशा वेळी साबणाचं पाणी शिंपडायचं आणि मला त्या ओल्या रंगावरून हलकेच सरकवायचं. मी एकेकाला उचलून माझ्या पोटात घेतो. कोरडा मात्र मला कधी घासायचा नाही. कोरडा घासलात तर मी चिकटतो आणि रंगावर डाग पाडतो. मग मला बोल लावायचा नाही.

एके दिवशी दुकानात एक बाई आली. रस्त्याच्या टोकाला तिचं गाड्या धुण्याचं छोटं केंद्र होतं, आणि सगळे तिला ताई म्हणत. तिने नेहमीचा साबण घेतला, फडकी घेतली. दुकानदाराने मला फळीवरून काढून तिच्यापुढे ठेवलं.

"ताई, हे एकदा घेऊन बघा. धुतल्यावरही गाडी खरखरीत लागते ना, तिच्यासाठी आहे."

"धुतल्यावरही खरखरीत?" ताई थबकली. "तसली तर आमच्या घरातच आहे एक. गंजावर चालतं का हे?"

"आतून वर आलेल्या गंजावर नाही चालत. बाहेरून येऊन बसलेल्यावर चालतं."

"आणि आतला की बाहेरचा, हे कळायचं कसं?"

"लावून बघायचं. बाहेरचा असला तर निघेल, आतला असला तर जागचा हलणार नाही. हात फिरवताना प्लॅस्टिकची एक पातळ पिशवी घाला हाताला, म्हणजे बारीकसारीकही कळतं."

ताईने पैसे मोजले. मग तिने मला पर्समध्ये टाकलं. माझी विक्री झाली, मित्रांनो! मी त्या शेजारच्या बाटल्यांकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

घरी पोचलो आणि ताई आईशी स्वयंपाकघरात कुजबुजायला लागली, तेव्हा मला सगळं प्रकरण उलगडलं. ताईचे वडील गाड्यांचे पेंटर. आख्खं आयुष्य त्यांनी लोकांच्या गाड्या रंगवल्या. काम सोडलं तेव्हा म्हणाले, आता एक आपली. मग घरच्या जुन्या गाडीचा पत्रा उघडा केला, त्यावर रंग धरून ठेवणारं अस्तर मारलं, अस्तर सुकेपर्यंत कुणाला अंगणात शिंकू दिलं नाही, आणि वर फिकट आकाशी रंग चढवला. तो रंग आईने निवडला होता. त्यानंतर त्यांच्या डोळ्यांपुढे धुकं साचायला लागलं. उजेड कळायचा, माणसाची आकृती कळायची. पण रंगाची चमक म्हणाल तर ती गेली ती गेलीच. तरी रोज सकाळी ते अंगणात जायचे आणि बॉनेटवरून तळवा फिरवायचे. डोळ्यांनी दिसत नव्हतं ते हाताने बघायचे. आई म्हणायची, "माझ्या पाठीवर कधी इतक्या मायेने हात फिरवला नाहीत!"

आणि एका सकाळी तळव्याला खरखर लागली.

त्यांनी ताईला हाक मारली. "बघ गं, काय आहे?" ताईने वाकून बघितलं आणि दिसलं ते सरळ सांगितलं. "बाबा, बारीक बारीक तांबूस ठिपके आहेत. सगळीकडे."

इथे घात झाला. पेंटरच्या धंद्यात तांबूस ठिपक्याचा अर्थ एकच: खालचं अस्तर सुटलं, पत्र्याला गंज धरला आणि तो रंग फोडून वर आला. आणि अस्तर सुटतं ते मारणाऱ्याच्या हाताने. दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवायची सोयच नाही. बाबांनी हात मागे घेतला. म्हणाले, "म्हणजे माझा हात तेव्हाच गेला होता. मला कळलं नाही." आईने समजूत घातली, ताईने घातली. पण माणसाच्या मनात एकदा शंकेने घर केलं की ती भाडं न भरताही राहते. दोन दिवसांनी ते म्हणाले, "मग त्याच्या आधी केलेल्या गाड्यांचं काय? त्याही अशाच फुटल्या असतील. लोक चांगले, म्हणून तोंडावर बोलले नाहीत."

तेव्हापासून त्यांनी गाडीला हात लावला नाही. गाडीलाच काय, ते कशालाही धड हात लावेनात. पेला उचलायचा तर आईला सांगायचे. डॉक्टरांनी बोटं आखडू नयेत म्हणून दाबायला रबरी चेंडू दिला होता, तो कोपऱ्यात लोळत पडला. दिवसभर ते पायरीवर बसायचे, दोन्ही हात मांड्यांखाली घालून. ज्या हातांनी उभं आयुष्य काम केलं ते हात असे दडवून बसलेला माणूस बघवत नाही, मित्रांनो. मी तर मातीचा गोळा, पण मलासुद्धा बघवलं नाही.

शेवटी त्यांनी स्वतःच गॅरेजवाल्याला निरोप धाडला होता. गाडी घेऊन जा, पत्र्यापर्यंत खरवडा, सगळा रंग काढून टाका आणि पांढरी करा. गॅरेजवाला दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता.

"बरं झालं की," ताईचा धाकटा भाऊ म्हणाला. उचलली जीभ लावली टाळ्याला, असा त्याचा स्वभाव. मनाने वाईट नाही, पण बोलण्याआधी विचार करायचा असतो हे त्याला कुणी सांगितलेलं नसावं. "नवी कोरी दिसेल. पांढऱ्या गाडीचा रुबाबच वेगळा."

"तू गप रे," ताई म्हणाली. "आई, दुकानदार म्हणाला, बाहेरचं असेल तर निघेल. एक कोपरा करून बघू. नाही निघालं तर बाबांना काही कळायला नको. पुन्हा आशा लावायची आणि पुन्हा मोडायची, हे मला जमणार नाही."

आईने मला हातात घेतलं, दाबलं, हुंगलं. "ह्या साबणाला वास कसला तो नाही."

"साबण नाही तो, आई!"

धन्य ती ताई. पण आईचं पुढचं बोलणं ऐकून माझ्या अंगावर काटा आला. "असू दे जे असेल ते. पण आख्खा कशाला काढतेस? अर्धा वापर, अर्धा ठेव." या घरात आख्खी वस्तू वापरायला काढायची पद्धतच नव्हती. साबणाची वडी आली की दोऱ्याने अर्धी करायची. लोणी आलं की अर्धं. खोडरबरसुद्धा शाळेच्या दिवसांत अर्धंच मिळायचं, असं धाकटा म्हणाला. आईने शिवणाचा दोरा घेतला, माझ्या पोटाभोवती गुंडाळला, दोन टोकं ओढली आणि झाले माझे दोन तुकडे! मी आतल्या आत थयथयाट केला. कारखान्यात इतकं मळून घेतलं ते काय असं अर्धं होण्यासाठी? माझा जुळा भाऊ मलमाच्या रिकाम्या डबीत जाऊन फडताळात बसला. मला ताईने मुठीत घेतलं.

दुपारची वेळ होती. बाबा नेहमीसारखे पायरीवर, हात मांड्यांखाली. त्यांना सांगितलं होतं की गॅरेजला पाठवायच्या आधी गाडी नुसती धुतोय. ताईने खरंच आधी गाडी नीट धुतली. मग बॉनेटच्या उजव्या कोपऱ्यावर साबणपाणी शिंपडलं, मला बोटांखाली चपटा केला आणि सरकवलं.

खर्र.

काय ती खरखर! कारखाना सोडल्यापासून मी अशी वेळ बघितली नव्हती. एकेक कण टोकदार, रुतून बसलेला, उठायलाच तयार नाही. ताईचा हात हलका होता, घाई नव्हती. पुढे, मागे, पुन्हा पाणी, पुन्हा पुढे. पहिल्यांदा माझ्याही मनात आलं, आतलंच आहे हे, आपलं काही चालत नाही. मग एक कण सुटला. मग दुसरा. आणि हळूहळू तो खर्र आवाज कमी होत गेला, आणि एका क्षणी मी पाण्यावरून असा घसरलो की आवाजच नाही. ताईने फडक्याने कोपरा पुसला. मला उलटं करून बघितलं.

सगळे तांबूस ठिपके माझ्या पोटावर होते. रंगावर एकही नव्हता. खाली तो फिकट आकाशी रंग जसाच्या तसा, तुकतुकीत, कुठे फुगवटा नाही की फोड नाही.

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने तोंडावर हात दाबला, आईकडे वळली, मला उंच धरून दाखवायला गेली, आणि तिथेच साबणाच्या ओल्या बोटांतून मी निसटलो. मित्रांनो, मी पडलो. अंगणातल्या वाळूखड्यांत, पोटावर. यशाच्या ऐन घटकेला तोंडघशी पडणं म्हणतात ते हेच.

"अरे देवा," आई म्हणाली.

धाकट्याने मला उचललं. "त्यात काय एवढं? फुंकर मारायची आणि लावायचं." त्याने फुंकर मारली, शर्टाला पुसलं आणि मला ताईच्या हातात दिलं. खरं सांगू? मलाही तेच वाटत होतं. चांगला जोर आला होता, थांबावंसं वाटत नव्हतं. ताईनेही साबणपाणी शिंपडलं आणि मला स्वच्छ केलेल्या कोपऱ्याच्या शेजारी टेकवायला गेली.

"काय पडलं?" पायरीवरून आवाज आला.

"काही नाही, बाबा. गोळा पडला."

"कसला गोळा? जमिनीला लागला?"

"लागला, पण पुसलाय."

"थांब!"

असा आवाज त्या घराने कित्येक दिवसांत ऐकला नव्हता. ताईचा हात हवेतच राहिला. धाकटा दचकून दोन पावलं मागे झाला. बाबा उठले होते, आणि त्यांचे दोन्ही हात बाहेर आले होते.

"जमिनीला लागलेलं गाडीला लागत नाही," ते म्हणाले. "फडकं असो, नाहीतर स्वतःचा रुमाल असो. किती वेळा सांगितलंय तुम्हाला? आण इकडे."

पेंटर लोकांचा हा नियमच आहे. खाली पडलेलं फडकं पायाने बाजूला सारायचं, उचलायचंसुद्धा नाही, नाहीतर कुणीतरी विसरून वापरतं. ताईने मला त्यांच्या तळव्यावर ठेवलं. मी घाबरलो होतो, कारण आता माझी परीक्षा होती. त्यांच्या अंगठ्याने मला सावकाश चाचपलं.

"हा बघ, एक खडा. हा दुसरा. पुसून जात नाहीत हे, आत बसतात. या एकाने बॉनेटभर रेघ ओढली असती." मग त्यांचा अंगठा थांबला. "आणि हे बारीक काय आहे? हे खडे नव्हेत." त्यांनी मला नाकाजवळ नेलं. "लोखंड आहे हे. कुठून आलं याच्यावर?"

"गाडीवरून, बाबा," ताई म्हणाली.

"गाडीवरून म्हणजे?"

ताई सांगायला लागणार, तोच कुंपणाच्या भिंतीपलीकडून आवाज आला: झर्रर्र. शेजारी लोखंडाची फाटकं आणि जाळ्या बनवायचा कारखाना होता. दिवसभर तिथे कापणं, घासणं चाले. ठिणग्या भिंतीवरून उडून यायच्या. आपल्याला वाटतं, ठिणगी विझली की संपली. पण विझलेली ठिणगी म्हणजे लोखंडाचा कण. तो गाडीवर बसतो, रंगात रुततो, दवात भिजतो आणि तिथेच गंजतो. त्या आवाजाची घरातल्यांना इतकी सवय झाली होती की तो कुणाच्या कानात शिरतच नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! त्या कारखानदाराचाही दोष नाही बिचाऱ्याचा. त्याला कुठे माहीत होतं?

बाबांनी मान भिंतीकडे वळवली. बराच वेळ ऐकत राहिले.

"बाहेरून," ते म्हणाले, अगदी हळू.

ताईने एक पातळ पिशवी त्यांच्या उजव्या हाताला घातली, त्यांना बॉनेटजवळ नेलं. "हा भाग मी अजून केलेला नाही." त्यांनी तळवा टेकवला आणि लगेच आक्रसून घेतला, खरखर त्यांच्या चांगल्या ओळखीची होती. "आणि आता इकडे." तिने हात उजव्या कोपऱ्यावर सरकवला.

हात घसरला. कुठेही अडला नाही. पुन्हा फिरवला, पुन्हा नाही. त्यांनी पिशवी काढून टाकली आणि उघडा तळवा ठेवला. बोटांच्या टोकांनी, मग बोटांच्या पाठीने, मग मनगटाच्या आतल्या बाजूने बघितलं. मी त्यांच्या डाव्या मुठीत होतो. ती मूठ मला घट्ट घट्ट दाबत होती.

"अस्तर धरून आहे गं," ते म्हणाले. "अस्तर धरून आहे."

"मी कधी म्हटलं सुटलं म्हणून?" आई म्हणाली, आणि पदराने डोळे टिपत बसली. ताई रडत होती. धाकट्याला काय करावं सुचेना, म्हणून त्याने उगीचच पाण्याचा नळ चालू केला आणि बंद केला.

पण रडून काय होणार? गाडी सगळी बाकी होती आणि सकाळी गॅरेजवाला येणार होता. मी तर बाद झालो होतो. दुकान त्या दिवशी दुपारीच बंद झालेलं. धाकटा म्हणाला, "आता गोळा कुठून आणायचा?"

आई उठली. ताठ मानेने आत गेली आणि मलमाची डबी घेऊन आली. "सगळे हसता ना मला, अर्धं ठेवते म्हणून? घ्या."

कुणी हसलं नाही. मीही मनातल्या मनात त्या दोऱ्याची माफी मागितली.

बाबांनी माझा जुळा भाऊ हातात घेतला. "पाणी कोण मारतंय?" ते म्हणाले. ताईने शिंपडायची बाटली उचलली. मग त्यांनी कामाला सुरुवात केली. कधी न वापरलेली वस्तू, पण हात पेंटरचा. पाण्यावरून सरकवायचं, जोर द्यायचा नाही, हे त्यांना सांगावं लागलं नाही. खर्र ऐकू येईल तिथे थांबायचे, आवाज मिटेपर्यंत तिथेच फिरवायचे, मग पुढे. डोळ्यांची गरजच नव्हती. कान आणि हात पुरे होते. दर थोड्या वेळाने गोळा दुमडायचे, मळलेली बाजू आत घालून नवी बाजू काढायचे. बॉनेट झालं, दारं झाली. टपासाठी धाकट्याने स्टूल आणलं आणि बाबा पडू नयेत म्हणून त्यांचे दोन्ही पाय धरून उभा राहिला. "घट्ट धर," बाबा म्हणाले, "मीही जमिनीला लागलो तर बाद होईन." कितीतरी महिन्यांनी ते विनोद करत होते. दिवस कलायच्या आत डिकीसुद्धा झाली. माझा भाऊ काळाठिक्कर पडला होता, कणाकणाने भरला होता. त्याचं सगळं आयुष्य एका दुपारी खर्ची पडलं. पण काय ती दुपार!

शेवटी ताईने मेण लावलं. हे विसरायचं नाही, मित्रांनो. आम्ही रंग उघडा करतो; त्यावर मेणाचं पांघरूण घातलं नाही तर पुन्हा तेच लोक येऊन बसतात. दुकानातल्या त्या डब्यांवर मी जळायचो खरा, पण त्यांचं कामही काही कमी नाही.

सकाळी गॅरेजवाला आला. "काका, किल्ली द्या."

"किल्ली नाही मिळणार. चहा मिळेल," बाबा म्हणाले.

गॅरेजवाल्याने गाडी बघितली. गोल फेरी मारली. बॉनेटवर त्याला स्वतःचा चेहरा दिसला, तेव्हा त्याने नकळत केस सारखे केले. "काका, ही खरवडायची होती? मला उलट वाटलं, आत्ताच रंगवून आणली."

"तेच झालं असतं," आई म्हणाली. "चोर सोडून संन्याशाला फाशी."

तो चहा पिऊन हसत हसत गेला. ताई भिंतीपलीकडे जाऊन कारखानदाराशी बोलली. तो भला निघाला. त्याने कापायची जागा पलीकडच्या कोपऱ्यात नेली आणि मध्ये जाड पडदा लावला. गाडीवरही आता आच्छादन असतं.

सगळ्यांचं भलं झालं. आणि मी? मी खिडकीच्या कट्ट्यावर पडून होतो. पडलेला, मळका, पोटात खडे. मला वाटलं, झालं आपलं. एवढं सगळं माझ्यामुळे कळलं, पण गरज सरो, वैद्य मरो! कुणी माझ्याकडे बघेना. वाईट वाटलं, उगीच कशाला लपवू? त्यातच एके दिवशी मोरीचं बूच हरवलं. आईची नजर माझ्यावर पडली. "हे बरं आहे," म्हणत तिने मला उचललं आणि भोकापाशी नेलं. खाली काळोख आणि वास. माझा जीव टांगणीला लागला.

"अगं, तो पडका गोळा कुठंय?" बाहेरून बाबांचा आवाज आला.

"मोरीला लावतेय!"

"खबरदार! आण तो इकडे."

त्यांनी मला मुठीत घेतलं आणि दाबायला लागले. अंगठ्याने, मग एकेका बोटाने, मग पूर्ण मुठीने. डॉक्टरांचा चेंडू त्यांना कधी आवडला नव्हता. म्हणायचे, तो दाबला की लगेच आपला आपण फुगतो, माझं ऐकत नाही. मी ऐकतो. जसा दाबाल तसा राहतो. त्या दिवसापासून मी त्यांच्या हातात आहे. आखडलेली बोटं हळूहळू सुटत गेली. आता पेला ते स्वतः उचलतात, शर्टाची बटणं स्वतः लावतात.

आणि आता ते रोज ताईच्या केंद्रावर जातात. दाराशी त्यांची खुर्ची असते. धुतलेली गाडी आली की ते उजव्या हाताला पातळ पिशवी घालतात आणि गाडीवरून तळवा फिरवतात. डाव्या हातात मी. "डावं दार खरखरतंय, डिकीचा कडेचा भाग घ्या," असं ते सांगतात, आणि ताई नवा गोळा काढते. नवा गोळा आधी दोऱ्याने अर्धा होतो. केंद्रावर हा नियमच झाला आहे. नवे गोळे फार कुरकुरतात. मी त्यांना म्हणतो, बाळांनो, गप्प बसा, याचं मोल पडल्यावर कळतं.

परवा एक म्हातारे गृहस्थ आले. हिरवी जुनी गाडी. "रंग गेला हिचा," ते म्हणाले. "पुढच्या आठवड्यात खरवडून टाकतोय. तोवर धुऊन घ्या नुसती." त्यांचा चेहरा अगदी पडलेला होता. मग त्यांची नजर बाबांच्या हाताकडे गेली. "अहो, या गोळ्यात तर खडे दिसतायत. फेकून द्या की, गाडीवर ओरखडे उठतील."

"म्हणूनच गाडीला लावत नाही," बाबा म्हणाले. "मला लावतो. माझा रंग पक्का आहे."

मित्रांनो, मला उपदेश करता येत नाही. मी आयुष्यभर घाण उचलली आहे, शहाणपण नाही. तरी एक मागणं मागतो. एखादी वस्तू बिघडली, मेली, असं वाटलं की लगेच खरवडायला काढू नका. आधी ती नीट धुवा. मग तिच्यावरून सावकाश हात फिरवा. खरखर आतून आली आहे की बाहेरून येऊन बसली आहे, एवढं बघा. माणसाच्या बाबतीतही हेच करा. आणि आमच्यासारखं कुणी जमिनीला लागलं, तर त्याला गाडीवर नेऊ नका, पण मोरीतही घालू नका. त्याच्याजोगं काहीतरी काम असतं. शोधलं तर सापडतं.

त्या दिवशी ताईने हिरव्या गाडीचा हातभर भाग साफ करून दाखवला. बाबांनी त्या गृहस्थांना जवळ बोलावलं, त्यांचा हात धरला आणि त्या भागावर ठेवला.

"बघा," ते म्हणाले. "अस्तर धरून आहे."